आंबागडहून ग्योटिंगेनला जायचं असेल, तर आधी नागपूर

बारावीचे आणि बीएस्सीचे निकाल लागले की नागपूर-भंडाऱ्याच्या चौकांत 'जर्मनीत मोफत शिक्षण' असे फलक झळकू लागतात. आंबागड, चिखला, डोंगरी बुजुर्ग या पट्ट्यातली हुशार पोरंही ते वाचतात आणि खरंच फुकट आहे का, असं घरी येऊन विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर बऱ्याच अंशी 'हो' असंच आहे. पण तिथे जाऊन नेमकं करायचं काय, कोणत्या विषयात, कोणत्या प्रयोगशाळेत, कोणाच्या हाताखाली, हे आधी ठरायला हवं आणि नेमकं तेच राहून जातं. तुम्ही विज्ञान शाखेत असाल, संशोधनाकडे वळायचं मनात असेल किंवा घरात असं मूल असेल, तर जर्मनीतलं एक विज्ञाननगर समोर ठेवून ही वाट आपण नीट पाहू. वाटेत नागपूरला बराच वेळ थांबू, कारण तो थांबा चुकवून पुढे गेलेल्यांची फार ओढाताण होते.

ग्योटिंगेन हे जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातलं शहर. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यात वीस हजारांहून अधिक विद्यार्थी. 1737 साली सुरू झालेल्या इथल्या विद्यापीठात गाउसने गणित केलं, पुढे हिल्बर्ट, एमी नोएथर, माक्स बॉर्न यांनी शिकवलं. 1933 नंतर नाझी राजवटीने ज्यू प्राध्यापकांना हाकललं आणि जगात पहिल्या रांगेत असलेलं हे गणिताचं आणि भौतिकशास्त्राचं केंद्र काही महिन्यांत रिकामं झालं. विद्वानांना जात-धर्म बघून बाहेर काढलं की विद्यापीठाचं काय होतं, हे पाहायचं असेल तर त्या वर्षांचा इतिहास जरूर वाचावा. युद्धानंतर गावाने पुन्हा उभारी धरली. 1948 साली माक्स प्लांक सोसायटीची स्थापना इथेच झाली आणि आज या संस्थेच्या जर्मनीत ऐंशीहून अधिक संशोधन संस्था आहेत. त्यांपैकी काही एकट्या ग्योटिंगेनमध्ये आहेत. सूर्यमालेचा अभ्यास करणारी संस्था 2014 साली शेजारच्या गावातून इथे आली. जीवशास्त्र, रसायन आणि वैद्यक यांची सांगड घालणारी बहुविद्या संस्था 2022 साली दोन जुन्या संस्था एकत्र करून झाली. प्रवाहांच्या गतीचा अभ्यास करणारी आणखी एक आहे, तिची मुळं 1925 सालच्या लुडविग प्रांड्टल यांच्या संस्थेत आहेत. शिवाय प्राण्यांच्या, विशेषतः माकडांच्या संशोधनाचं केंद्र आहे आणि जर्मन अवकाश व विमानविद्या संस्थेची शाखाही आहे.

मराठी माणसाला हे गाव अगदीच परकं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1866 ते 1881 अशी पंधरा वर्षं संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न इथून गेले ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. आणि 1885 साली याच विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो, तिथे येऊ. अशा शहरात विद्यापीठ वेगळं आणि संशोधन संस्था वेगळी. विद्यापीठात प्रवेश मिळतो, तास होतात, परीक्षा होतात, पदवी मिळते. माक्स प्लांकसारख्या संस्थेत तास भरत नाहीत आणि ती संस्था स्वतः पदवीही देत नाही. तिथे प्रयोगशाळा असते, एक गटप्रमुख असतो, त्याच्याकडे आठ-दहा संशोधक एखाद्या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करत असतात. पीएचडीचा विद्यार्थी काम संस्थेत करतो आणि पदवी विद्यापीठाची घेतो. म्हणून 'मला माक्स प्लांकमध्ये ॲडमिशन घ्यायची आहे' असं कुणी म्हणालं की समजावं, अजून चौकशी पुरी झालेली नाही.

ही जोडी कशी चालते हे इरावती कर्वे यांच्या उदाहरणावरून चटकन कळतं. 1928 साली त्या बर्लिनला गेल्या. काम केलं ते कैसर विल्हेल्म सोसायटीच्या मानववंशशास्त्र संस्थेत, ओयगेन फिशर यांच्या हाताखाली, आणि डॉक्टरेट मिळाली ती बर्लिन विद्यापीठाची. ही कैसर विल्हेल्म सोसायटी म्हणजे आजच्या माक्स प्लांक सोसायटीची पूर्वज. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकावर त्यांचा प्रबंध होता. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय वंशाचं श्रेष्ठत्व सिद्ध होईल अशी त्या संस्थेत अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापं केली, तसं काही दिसत नाही असं आढळलं आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, तेविशी-चोविशीतल्या मुलीने. संशोधनाला जाताना कोणता कणा सोबत न्यावा लागतो, हे यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

जर्मनीत माक्स प्लांकबरोबर आणखी तीन मोठी संस्थाकुळं आहेत आणि त्यांचा स्वभाव निरनिराळा आहे. माक्स प्लांक मूलभूत प्रश्नांमागे जाते. फ्राउनहोफर उद्योगांसाठी काम करते, म्हणजे यंत्र, पदार्थ, प्रक्रिया. हेल्महोल्ट्झकडे प्रचंड उपकरणं आणि मोठे राष्ट्रीय प्रकल्प आहेत. लायब्निट्झमध्ये अर्थशास्त्रापासून संग्रहालयांपर्यंत बरंच काही येतं. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्र, सीएसआयआर आणि आयसीएआर यांचे स्वभाव वेगळे आहेत, तसंच ते.

आणि आपल्याकडे म्हणजे किती जवळ? आंबागडच्या मुलाला नागपूर दोन-तीन तासांवर. त्या एका शहरात काय काय आहे याची यादी आपल्या भागातल्या किती शाळांत सांगितली जाते, हा मला अस्वस्थ करणारा प्रश्न आहे. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी इथे 1958 पासून आहे. देशाच्या मातीचे नकाशे करणारं मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन केंद्र आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था, दोन्ही 1976 सालच्या. संत्र्यांसाठी लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, वाडीला ॲल्युमिनियमचं संशोधन केंद्र आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं मुख्यालयही इथेच. शिकवणाऱ्या संस्थांत 1923 सालचं नागपूर विद्यापीठ, 1960 साली सुरू झालेलं आजचं व्हीएनआयटी आणि 1942 सालची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था. ही शेवटची संस्था कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिली. म्हणजे खाणीचा पैसा विज्ञानात गुंतवण्याची परंपरा आपल्या भागात आहे. तिचा फायदा खाणीशेजारच्या पोरांनी घ्यायला हवा.

इथेही जर्मनीसारखीच जोडी आहे. नीरीत काम करणारा पीएचडीचा विद्यार्थी सहसा वैज्ञानिक व नवोन्मेषी संशोधन अकादमीतून, म्हणजे ज्याला सगळे 'ॲक्सर' म्हणतात तिच्यातून, किंवा एखाद्या विद्यापीठातून पदवी घेतो. हे एकदा नागपुरात समजून घेतलं की ग्योटिंगेनची व्यवस्था वाचताना बिचकायला होत नाही.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत एखाद्या संस्थेत दीड-दोन महिने काम करता येतं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात आणि निवड झालेल्यांना राहण्या-जेवण्यापुरते पैसेही मिळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुकाचा असाच सुट्टीतला कार्यक्रम आहे. नागपूरच्या संस्थांत महाविद्यालयाच्या पत्रावर प्रकल्प करता येतो. धानाच्या कापणीच्या दिवसांत घरी हात लागतात, हे मला माहीत आहे. पण एका उन्हाळ्यात प्रयोगशाळेची नोंदवही कशी लिहायची, माप चुकलं तर काय करायचं, वरिष्ठाला प्रश्न कसा विचारायचा, हे शिकून आलेलं मूल पुढच्या प्रत्येक अर्जात वेगळं दिसतं. आईबाबांनी तेवढी सुट्टी त्याला द्यावी.

आता विषय निवडण्याबद्दल. आंबागडच्या किल्ल्यावर सगळे जाऊन आलेले असतात. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात, 1700 च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला, हेही शाळेत ऐकलेलं असतं. पण किल्ला ज्या सातपुड्याच्या डोंगरांत उभा आहे तिथले दगड हातात घेऊन पाहिलेत का? चिखल्याकडचा मँगनीजचा तुकडा उचला. आकाराच्या मानाने तो जड लागतो, बोटं काळी होतात. त्याच्या जोडीने कधी कधी पिवळसर-तांबूस कण असलेला खडक सापडतो. ते कण म्हणजे मँगनीजयुक्त गार्नेट, आणि सोबत गारेचा दगड. या खडकाला भूवैज्ञानिक लुइस ली फर्मोर यांनी 1909 साली गोंड लोकांच्या नावावरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत तो शब्द आहे. या पट्ट्यातलं मँगनीज काढण्यासाठी 1896 साली एक कंपनी निघाली. त्या कंपनीचा वारसा 1962 पासून मॉइलकडे आहे. चिखल्याची खाण जमिनीखाली आहे, तर डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या कोरड्या सेलमध्ये जातं.

यातून प्रश्न किती निघतात बघा. कमी प्रतीचं खनिज आज बाजूला टाकलं जातं, त्यातून बॅटरीच्या दर्जाचं मँगनीज काढता येईल का? खाणीतून उपसलेल्या पाण्याचा आसपासच्या विहिरींवर काय परिणाम होतो? टाकाऊ मातीच्या ढिगांवर कोणती झाडं तग धरतात? पहिला प्रश्न रसायन आणि खनिज प्रक्रियेचा आहे, दुसरा नीरीच्या वाटेवरचा, तिसरा वनस्पतिशास्त्राचा आणि मातीचा. जगात बॅटऱ्यांवर एवढं संशोधन चाललंय आणि त्यांच्यातल्या एका मुख्य धातूच्या खाणी आपल्या गावाला लागून आहेत.

असा प्रश्न हातात असला की मग शहर निवडायचं. खनिजांच्या रसायनाकडे ओढा असेल तर ग्योटिंगेन चालेल. तिथे विद्यापीठाचं भूविज्ञान केंद्र आहे आणि आधुनिक भूरसायनशास्त्राचे जनक मानले जाणारे व्हिक्टर गोल्डश्मिट 1929 ते 1935 तिथेच प्राध्यापक होते. पण खनिज काढणं आणि शुद्ध करणं हा विषय असेल तर मी ग्योटिंगेनऐवजी फ्रायबर्ग सुचवेन. सॅक्सनी राज्यातलं हे छोटं खाणगाव. 1765 साली सुरू झालेलं खाणविद्येचं विद्यापीठ इथे आहे. इंडियम हे मूलद्रव्य 1863 साली आणि जर्मेनियम 1886 साली इथेच सापडलं. 2011 पासून हेल्महोल्ट्झची साधनसंपत्ती तंत्रज्ञानाची संस्थाही तिथे आहे. स्पेलिंग नीट बघा, कारण दक्षिणेत जवळपास याच नावाचं दुसरं मोठं विद्यापीठनगर आहे आणि अर्ज चुकीच्या गावी जाऊ शकतो. प्रसिद्ध नावापेक्षा आपला प्रश्न जिथे सोडवला जातो ते गाव मोठं, एवढं धरून चाला.

ठिकाण ठरलं की तिथल्या गटांची संकेतस्थळं उघडा. गटप्रमुखाचं नाव, सध्याचे प्रकल्प, गेल्या तीन-चार वर्षांतले शोधनिबंध, गटात विद्यार्थी किती आणि ते कुठून आलेत, हे वहीत उतरवा. निदान दोन निबंध पूर्ण वाचा. अर्धंच समजलं तरी चालेल, पण काय समजलं नाही ते नीट लिहून ठेवा. मग पत्र लिहा. 'आदरणीय सर, आपल्या जगप्रसिद्ध संस्थेत काम करण्याची माझी इच्छा आहे' अशी पत्रं त्यांच्याकडे दर आठवड्याला ढिगाने येतात आणि तशीच पडून राहतात. त्याऐवजी पहिल्याच ओळीत सांगा की तुमच्या अमुक निबंधातल्या तमुक पद्धतीबद्दल लिहितोय. दुसरीत तुम्ही स्वतः काय केलंय ते लिहा, जसं की चिखला परिसरातल्या सहा विहिरींच्या पाण्यातलं मँगनीज मोजलं, कोणत्या उपकरणाने, किती आलं. तिसरीत हवं ते मागा: पदव्युत्तर प्रबंध, पीएचडीची जागा किंवा नुसता सल्ला. पत्र दहा-बारा ओळींचं, सोबत एक-दोन पानांचा बायोडाटा, प्राध्यापकांच्या नावाचं स्पेलिंग तपासलेलं. एकच पत्र नाव बदलून पन्नास जणांना पाठवू नका. एकाच गावातले प्राध्यापक एकमेकांना ओळखतात.

पीएचडीसाठी जर्मनीत साधारणपणे आधी मास्टर्स लागते, आणि पीएचडी ही बहुतेक वेळा पगाराची नोकरी असते. करार होतो, दरमहा पगार येतो, विमा असतो. माक्स प्लांकच्या आंतरराष्ट्रीय संशोधन शाळांमधून एकत्रित निवड होते. ग्योटिंगेनमध्ये रेण्वीय जीवशास्त्र आणि मेंदूविज्ञान या दोन विषयांत मास्टर्सपासून पीएचडीपर्यंत सलग इंग्रजीत जाता येतं. तिथल्या प्रवेशाची मुदत ऑक्टोबरच्या सत्रासाठी जानेवारीतच संपते. आपल्याकडे ॲडमिशन म्हटलं की जून-जुलै डोक्यात असतो, आणि त्या सवयीमुळे एक वर्ष सहज वाया जातं.

मास्टर्सच्या पैशांचा हिशोब असा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त दर सत्राला काही शे युरो भरायचे. त्यात बहुधा बस-रेल्वेचा पासही येतो. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. खरा भार राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो एका बंद खात्यात ठेवून दाखवावे लागतात. सप्टेंबर 2024 पासून हा आकडा आहे, आपल्या पैशात अकरा-बारा लाखांच्या घरात जातो. हे पैसे तुमचेच राहतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला 992 युरो या हिशोबाने परत मिळतात. पण आधी ते उभे करावे लागतात. धानाच्या दोन-चार एकरांवर चालणाऱ्या घराला हा आकडा पहिल्याच दिवशी माहीत हवा. तिथे विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण सगळा खर्च त्यातून निघेल या भरवशावर कुणी विमानात बसू नये.

नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. यात तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का, हे तपासलं जातं. फी 18,000 रुपये. वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न बघता अर्ज करा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, नापास झालेल्या विषयाचीसुद्धा, सांभाळून ठेवा. नावाचं स्पेलिंग दहावीपासून पासपोर्टपर्यंत एकच असू द्या. तुमसरला एक, नागपूरला दुसरं अशी स्पेलिंगं असली की तिथेच अडतं.

गुणांचा हिशोबही उलटा आहे. जर्मनीत 1 म्हणजे उत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास. समजा तुम्हाला 72 टक्के आहेत आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा 40. शंभरातून 72 वजा करा, 28 राहतात. त्याला 60 ने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा: साधारण 2.4 येतात. पुष्कळ अभ्यासक्रम 2.5 पर्यंतचे अर्ज घेतात. हे गणित स्वतः मांडा, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. प्रवेशाची हमी देणारे एजंट बरेचदा भरमसाट फीच्या खासगी विद्यापीठांत पाठवतात. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या, म्हणजे डाडच्या, संकेतस्थळावर सगळे इंग्रजी अभ्यासक्रम फी आणि मुदतीसह दिलेले असतात, अगदी मोफत.

बारावीनंतर लगेच जायचं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, घाई करू नका. नुसत्या बारावीवर तिथे थेट पदवीला प्रवेश बहुधा मिळत नाही, आधी तयारीचं वर्ष करावं लागतं. त्यापेक्षा इथे बीएस्सी-एमएस्सी करा आणि सोबत जर्मन शिका. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, डॉक्टर, बसचालक जर्मनच बोलतात.

आणि जर्मनीला न जाताही संशोधक होता येतं. सीएसआयआर-नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. भूविज्ञान हा त्या परीक्षेतल्या पाच विषयांपैकी एक आहे. पीएचडीसाठी राज्यात बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. परदेशासाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, तसंच आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या योजना आहेत. त्यांत विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघितलं जातं, म्हणून फ्रायबर्गसारखं विषयात अव्वल पण लहान विद्यापीठ निवडताना ते यादीत बसतं का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत आधी वाचा. आपल्या भागातल्या गोंड, हलबा घरांतल्या मुलांनी आदिवासी विभागाची योजना नक्की बघावी.

या सगळ्या योजनांना जात प्रमाणपत्र, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला आणि काहींना नॉन-क्रिमिलेअर लागतं. जाहिरात निघाल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहिलात तर मुदत निघून जाते. वैधतेचा अर्ज बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी टाका आणि पासपोर्टही त्याच वर्षी काढा. उत्पन्नाचा दाखला दर एप्रिलमध्ये नवा घ्या. दिवाळीत अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, आणि त्याआधी एखाद्या रविवारी चिखल्याकडच्या त्या सहा विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून, प्रत्येकीवर जागा आणि तारीख लिहून, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे घेऊन जा.